नाईक, जागल्या, बंडखोर, गुन्हेगार : खानदेशातल्या माणसांसाठी इंग्रजांनी वापरलेले शब्द

एखाद्या राजवटीचा इतिहास तिने लढलेल्या लढायांवरून लिहितात, तसाच तो तिने माणसांना दिलेल्या नावांवरूनही लिहिता येतो. इंग्रजांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. त्यांची पलटण एखाद्या गावात चार दिवस राहून निघून जाई. त्यांच्या कारकुनाने वहीत लिहिलेला शब्द मात्र त्या गावात पुढे दीडशे वर्षे मुक्काम करी. आमच्या यावल तालुक्यात असे शब्द आजही मुक्कामाला आहेत. त्यांची हकीकत या लेखात मांडायची आहे.

आधी दोन गोष्टी सांगतो. मी विद्यापीठातला इतिहासाचा माणूस नाही. दस्तलेखनाच्या व्यवसायात जुने फेरफार, जुनी खरेदीखते पाहता पाहता मोडी शिकलो आणि तिथून गॅझेटियरांपर्यंत पोचलो. दुसरे असे की, इंग्रजांना शिव्या घालण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्यांनी खूप लिहून ठेवले म्हणूनच आज आपल्याला त्यांचे शब्द तपासता येतात. आपल्याकडच्या सत्ताधाऱ्यांनी डोंगरातल्या माणसांविषयी फारसे लिहिलेच नाही. आणि वागण्यात तेही सौम्य नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या काळात कोपरगावात भिल्लांना विश्वासाने बोलावून विहिरीत टाकल्याची हकीकत आपल्याला इंग्रजी कागदांतूनच वाचायला मिळते.

‘भिल्ल’ म्हणजे कोण?

‘भिल्ल’ हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात भिल्ल आहेत. धनुष्यासाठी द्राविडी भाषांत जो ‘विल्’ किंवा ‘बिल्’ शब्द आहे, त्याच्याशी अनेक अभ्यासक या नावाचा संबंध जोडतात. तेव्हा नाव जुनेच. इंग्रजी कागदांत गेल्यावर त्याचा अर्थ मात्र पालटला.

१८१८ साली पेशवाई संपली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशाचा पहिला इंग्रज अधिकारी म्हणून आला. त्या वेळचा खानदेश दुष्काळ, पेंढारी आणि अरब शिबंदी यांनी पोळलेला होता. कित्येक गावे ओसाड पडली होती. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांची ठाणी होती. गावांकडून ठरलेला हक्क घ्यावा आणि त्या बदल्यात गावाची, घाटाची, वाटेची राखण करावी, असा त्यांचा जुना रिवाज होता. हक्क बुडाला की ते तो लुटून वसूल करीत. म्हणजे राखणदार आणि लुटारू ही दोन वेगळी माणसे नव्हती. गावाशी असलेला एक करार पाळला गेला तर तो माणूस राखणदार, आणि मोडला गेला तर तोच लुटारू.

इंग्रजी भाषेला ही गोष्ट एका शब्दात सांगता येईना. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात ‘प्रेडेटरी’, ‘वाइल्ड’, ‘लॉलेस’ ही विशेषणे भिल्ल या नावामागे वारंवार येतात. ‘प्रेडेटरी’ हा शब्द शिकारी श्वापदांसाठीही वापरतात. ‘वाइल्ड’ म्हणजे रानटी, न माणसाळलेला. विशेषण असे की ते श्वापदालाही लागू पडावे आणि माणसालाही. वीसपंचवीस वर्षे असे लिहिले गेल्यावर विशेषणाची गरजच संपली. ‘भिल्ल’ एवढेच म्हटले की वाचणाऱ्या साहेबाला उरलेले आपोआप कळे. समाजाचे नाव हे वर्तनाचे नाव झाले. मला तरी साऱ्या गोष्टीचे मूळ इथे दिसते.

तोच माणूस, दुसरा शब्द

१८२५ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत धोरण बदलले. नुसत्या फौजेने भिल्ल हटत नाहीत, हे सात वर्षांत कळले होते. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेकडची एजन्सी कन्नडच्या बाजूने ओव्हन्स या अधिकाऱ्याकडे होती. तिथे भिल्लांना जमीन, बैल आणि तगाई देऊन शेतीला लावण्याचा प्रयत्न झाला. आणि लेफ्टनंट जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली, ती ‘खानदेश भिल्ल कोअर’. तिचे ठाणे धरणगावला होते. हाच औट्रम पुढे १८५७ च्या उठावात लखनौला नावाजला गेला.

आता शब्दांकडे पाहा. कालपर्यंत ‘प्रेडेटरी’ असलेला माणूस पलटणीच्या हजेरीपटात आला आणि ‘फेथफुल’, ‘ब्रेव्ह’, ‘हार्डी’ झाला. डोंगर तेच होते, माणूसही तोच होता, अंगावर फक्त गणवेश चढला होता. ‘नाईक’ या शब्दाची तर मौजच आहे. भिल्लांत नाईक म्हणजे टोळीचा, पाड्याचा प्रमुख. कंपनीच्या फौजेत नाईक म्हणजे शिपायाच्या वरचा हुद्दा, आणि भारतीय लष्करात तो आजही आहे. एकाच दशकातल्या खानदेशच्या कागदांत एक नाईक पकडायचा असे आणि दुसऱ्या नाईकाला पगार द्यायचा असे.

गावपातळीवरही असेच होते. खानदेशात गावची राखण करणाऱ्या भिल्लाला ‘जागल्या’ म्हणत. रात्री जागतो तो जागल्या. हा शब्द कामावरून पडला आहे, जन्मावरून नव्हे. इंग्रजांनी हे जागल्ये आपल्या गावपोलिसांत मोजले. म्हणजे मुलकी कागदात तो सरकारचा माणूस आणि एजन्सीच्या कागदात संशयित. दोन्ही कागद एकाच कचेरीत.

या दुटप्पीपणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा सेंधव्याचा घाट राखण्याचे काम त्याच्याकडे होते. घाटावरच्या वाटमाऱ्या थांबवल्या म्हणून तो सरकारी मर्जीतला होता. पुढे एका माणसाच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याला शिक्षा होऊन नोकरी गेली. १८५७ मध्ये तो भीमा नाईकाबरोबर उठावात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी भिल्लांची मोठी लढाई झाली. हाती सापडलेल्या अनेकांना तिथेच गोळ्या घालण्यात आल्या. इंग्रजी कागदांत खाज्या नाईक आधी घाटरक्षक आहे, मग कैदी आहे, शेवटी ‘रिबेल’ आणि ‘आउटलॉ’ आहे. आज सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना त्याला क्रांतिवीर म्हणतात. यांपैकी कुठलाही शब्द साफ खोटा नाही. पण प्रत्येक शब्द कोणाच्या टेबलावर लिहिला गेला ते पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

शब्दाचा कायदा होतो तेव्हा

कागदातला शब्द काही काळ मतच असतो. कायद्यात गेला की तो बेडी होतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत याचा एक नमुना होता. ‘ठग’ हा आपलाच शब्द. इंग्रजांनी तो उचलला, आपल्या भाषेत रुळवला आणि मग कलम ३१० मध्ये त्याची व्याख्या केली. कलम ३११ मध्ये ठग असण्याबद्दल जन्मठेपेची शिक्षा ठेवली. नीट वाचले तर कळते की, इथे एखादे कृत्य करण्यापेक्षा अमुक एक ‘असणे’ हाच गुन्हा झाला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम राहिलेले नाही. पण एक शब्द कायद्यातून निघायला एकशे चौसष्ट वर्षे लागली.

याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. एखादी ‘ट्राइब, गँग ऑर क्लास’, म्हणजे जमात, टोळी किंवा वर्ग, सराईतपणे गुन्हे करते असे सरकारला वाटले की तिला गुन्हेगार जाहीर करायची मुभा या कायद्याने दिली. हे तीन शब्द एका ओळीत ठेवण्यातच सारी मेख आहे. टोळी माणूस ठरवून करतो. जमातीत तो जन्मतो. दोन्ही एकाच मापाने मोजली की पाळण्यातले मूलही संशयित ठरते. इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा तर्क हा कायदा आणताना सरकारपक्षाने मांडला होता. म्हणजे आपल्याच जातिव्यवस्थेचा दाखला देऊन इंग्रजांनी आपल्यावर हा शिक्का मारला. याची जबाबदारी एकट्या इंग्रजांवर टाकून आपल्याला मोकळे होता येत नाही.

१९११ च्या सुधारणेने हा कायदा मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९०८ मध्ये, इलाख्यातला पोलीस अधिकारी केनेडी याने ‘क्रिमिनल क्लासेस’वर एक जाडजूड पुस्तक तयार केले. पोलिसांच्या हाताशी असावे म्हणून केलेल्या या पुस्तकात पारधी, कैकाडी, भामटे, रामोशी यांच्याबरोबर भिल्ल आणि कोळी यांच्यावरही प्रकरणे आहेत. औट्रमच्या ‘फेथफुल’ शिपायांचे नातू-पणतू ऐंशी वर्षांनी ‘क्रिमिनल क्लास’च्या अनुक्रमणिकेत बसले. मधल्या काळात गेले होते त्यांचे जंगल. राखीव वनांचा कायदा १८७८ मध्ये झाला होता आणि लाकूड, मध, चारा, शिकार या रोजच्या गोष्टी गुन्ह्याच्या वहीत जाऊ लागल्या होत्या. ही बाजू केनेडीच्या विषयात बसत नव्हती.

हा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. ‘गुन्हेगार जमात’ हा शब्दप्रयोग मात्र मराठीतून गेला नाही. वर्तमानपत्रात चोरीची बातमी देताना आरोपीची जमात लिहिण्याची सवय आजही पूर्ण सुटलेली नाही.

आमच्या तालुक्याचा पेच : तडवी

आता यावलकडे येतो. निंबाळकरांच्या किल्ल्याचे हे गाव आधी शिंद्यांच्या मुलखात होते, ते १८४० च्या दशकात कायमचे इंग्रजी अमलात आले. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी समाजाची वस्ती आहे. तडवी भिल्ल आहेत आणि धर्माने मुसलमान आहेत. लग्नकार्यात, सणावारात दोन्हीकडचे रिवाज सापडतात. गावाला यात कधी गोंधळ वाटला नाही. गोंधळ झाला तो रकान्यांचा.

ग्रॅहॅम या अधिकाऱ्याने १८४३ मध्ये खानदेशच्या ‘भील’ लोकांवर टिपण लिहिले. जेम्स कॅम्पबेल याच्या संपादनाखाली १८८० मध्ये खानदेशाचे गॅझेटियर निघाले. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी भाषांवरचा खंड १९०७ मध्ये आला. या सगळ्यांना एकच कोडे पडलेले दिसते : ही माणसे ‘ट्राइब’मध्ये धरायची की धर्माच्या रकान्यात? गॅझेटियरने त्यांचे धर्मांतर औरंगजेबाच्या काळातले म्हणून सांगितले. जनगणनेत तर एका माणसाला एकच घर भरायचे असते.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी झाली. १९७६ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या यादीत आठव्या क्रमांकावर भिल्ल आहेत आणि त्यांच्या ओळीत ‘तडवी भिल्ल’ आहेत. तेराव्या क्रमांकावर धानका आहेत आणि त्यांच्या ओळीत नुसते ‘तडवी’ आहेत. एकच शब्द दोन ओळींत. शिवाय पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत गावप्रमुखालाही ‘तडवी’ म्हणण्याची रीत होती. म्हणजे हुद्दा, समाज आणि आडनाव असे तिहेरी ओझे या एका शब्दावर आहे.

याचा त्रास कसा होतो ते सांगतो. जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीचे पुरावे लागतात. असे कागद बहुधा मोडीत असतात, म्हणून लोक माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक वृद्ध तडवी चाचा नातवाचे कागद घेऊन आले. शाळेच्या जुन्या नोंदीत एका भावापुढे ‘मुसलमान’, दुसऱ्यापुढे ‘तडवी’ आणि चुलत भावापुढे ‘भिल्ल तडवी’ असे होते. तिन्ही नोंदी एकाच शाळेच्या, मास्तर मात्र वेगवेगळे. कचेरीतून विचारणा आली होती की, हे एकाच कुळातले कशावरून? चाचा म्हणाले, “भाऊ, माणूस एक अन् कागद तीन, याले काय करू?” मी नोंदींचे लिप्यंतर करून दिले, वंशावळ मांडून दिली. दाखला मिळाला. पण तोवर नातवाचे प्रवेशाचे वर्ष निघून गेले होते.

चूक त्या मास्तरांचीही म्हणता येत नाही. ‘जात’ असा एकच रकाना छापलेला असेल, तर मुसलमान भिल्लाने त्यात काय सांगावे आणि मास्तरने काय लिहावे?

एका अक्षराची किंमत

या यादीचा अधिकृत पाठ इंग्रजीत आहे, आणि इंग्रजी लिपीची अडचण आपल्याला ठाऊक आहे. तिच्यात ‘द’ आणि ‘ड’ला एकच अक्षर, ‘ल’ आणि ‘ळ’लाही एकच. ग्रॅहॅमच्या वेळचे स्पेलिंग गॅझेटियरच्या वेळेला बदलले, तेव्हा अमुक नाव मुळात कसे उच्चारत हे स्पेलिंगवरून सांगता येत नाही. आपण मात्र त्या स्पेलिंगवरून पुन्हा देवनागरीत येतो आणि वाटेत माणसे हरवतात.

धनगर समाजाचा वाद हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. यादीत छत्तिसाव्या क्रमांकावर ‘ओरांव, धनगड’ आहे. ‘धनगड’ म्हणजे धनगरच, इंग्रजीत र चा ड झाला, असे धनगर समाजाचे म्हणणे. धनगड ही वेगळी जमात आहे, असे आदिवासी संघटनांचे म्हणणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगरांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या. यादी जशी आहे तशीच वाचायची, न्यायालयाने तिच्यात भर घालायची नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हलबा-कोष्टी प्रकरणात सांगितलेलेच होते. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, कारण यादी संसदेनेच बदलायची असते. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर लाखो माणसांचा प्रश्न एका अक्षरावर येऊन थांबला आहे.

कोळी समाजाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तापीकाठच्या आपल्या जिल्ह्यात टोकरे कोळी दाखल्यांचा झगडा वर्षानुवर्षे चालू आहे. याच ‘कोळी’ नावावरून इंग्रजीतला ‘कुली’ शब्द निघाला असावा, असे एक मत १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात नोंदलेले आहे. तमिळमध्ये मजुरीला ‘कूलि’ म्हणतात, त्यावरून आला असे दुसरे मत. मूळ काहीही असो, हा शब्द गिरमिटिया मजुरांबरोबर मॉरिशस, नाताळ, फिजीपर्यंत गेला. दक्षिण आफ्रिकेत तो साऱ्याच हिंदी माणसांसाठी शिवीसारखा वापरला गेला आणि बॅरिस्टर गांधींनाही ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले गेले. २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात हमालांना ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा झाली. भुसावळच्या फलाटावर मात्र हाक अजून जुनीच ऐकू येते.

नाव कोणी ठेवायचे?

आपणही नावे ठेवण्यात मागे नव्हतो. जुन्या मराठी कागदांत इंग्रज ‘टोपीकर’ आहेत. ‘इंग्रज’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतला. पण टोपीकर म्हटल्याने कुठल्या साहेबाची जमीन गेली नाही की त्याला रोज चौकीवर हजेरी द्यावी लागली नाही. शब्द सगळेच ठेवतात. फरक पडतो तो शब्दामागे सत्ता असते तेव्हा.

म्हणून ‘आदिवासी’ या शब्दाकडे मी आदराने पाहतो. १९३८ मध्ये छोटा नागपुरात आदिवासी महासभा स्थापन झाली आणि पुढे जयपालसिंग मुंडा यांनी घटना समितीत याच शब्दाचा आग्रह धरला. ‘वनजाती’ म्हणू नका, असे ते सांगत. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात याच्या उलट बाजू मांडली होती. त्यांच्या मते हे ‘मागासलेले हिंदू’ होते. घटनेने दोन्ही टाळून ‘अनुसूचित जमाती’, म्हणजे यादीतल्या जमाती, असा कचेरीचा शब्द घेतला. त्यात तुच्छता नाही, पण माणसाची ओळखही नाही. ओळख हवी असेल तर पाड्यावर जाऊनच विचारावे लागते. आपल्या चोपडा-यावलच्या डोंगरात ज्यांना आपण सरसकट पावरा म्हणतो, त्यांतले काही स्वतःला बारेला म्हणवतात.

शेवटी, गावोगावी स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मंडळींना दोन विनंत्या. गॅझेटियर अवश्य वापरावे, त्यावाचून आपले पानही हलत नाही. पण त्यातला ‘रानटी’, ‘लुटारू’, ‘गुन्हेगार’ हा शब्द भाषांतरात उतरवताना तो कोणी, कोणत्या वर्षी आणि कशासाठी लिहिला, हे त्याच वाक्यात लिहावे. तसे केले नाही तर दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाचे मत आपल्या नावावर छापले जाते. दुसरी विनंती जुन्या नोंदवह्यांविषयी. खेड्यांतल्या शाळांचे १९५० पूर्वीचे दाखल-खारीज रजिस्टर अनेक ठिकाणी कपाटाच्या तळाशी वाळवीला लागले आहे. त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे. आमच्या तालुक्यात हे काम मी गेल्या तीन वर्षांपासून जमेल तसे करतो आहे. आजवर अकरा शाळा झाल्या, पुष्कळ बाकी आहेत. ज्यांच्या गावी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये. त्यातल्या एका शब्दावर कुणाच्या तरी नातवाचे शिक्षण अडलेले असू शकते.